मालकांची मूठ

आमचे मालक माणसाचा ताप कापसावाणी बघतेत. मनगट मुठीत धरायचं, दाबायचं, सोडून द्यायचं अन् म्हणायचं, "ओल हाय. पण माल चालंल." माल म्हंजे मी. चालंल म्हंजे उचल गाठोडं.

मानवतच्या मोंढ्यात, म्हंजे शेतमालाच्या बाजारात, त्यांचं कापूस खरेदीचं दुकान. गाडीत हात घालून कापसाची ओल सांगणारा असा माणूस दुसरा न्हाई. तीच मूठ ते समद्याला लावतेत. टरबूज, जावई, काय बी. माझं लग्न ठरलं तवा माझा दंड दाबून सासऱ्याला म्हणले, "हलका हाय, पण टिकंल." सासरा अजून म्हणतोय, पहिलं तेवढं खरं निघालं.

मग सरकारचा नवा कायदा आला. मुनीमानं वाचून दाखवला. मला कुठं वाचता येतंय. गडी आजारी पडला तर मालकानं पगारी सुट्टी द्यायची, अन् सुट्टीत कामाला बोलवायचं न्हाई. पगाराचं मालकांना काई वाटलं न्हाई. म्हणले, "म्हंजे ताप मी बघायचा न्हाई?" मुनीम म्हणले, गडी सांगंल ते खरं. मालक आपल्या मुठीकडं बघतच बसले.

पहिली सुट्टी मला मिळाली अन् मी घोळ केला. अंगात ताप, तरी सवयीनं मोंढ्यातच गेलो अन् गाठोड्यावर जाऊन बसलो. मालक हळूच म्हणले, "घरी जा रे बाबा, मला कायद्यात अडकवायलास का?"

घरी कारभारीण म्हणली, काढलं का काय कामावरून? पगारी सुट्टी म्हणलं तर तिला हसू आवरंना. "तुमाला काम केल्यावर बी पगार का देतेत, हेच मला कळंना."

दुपारी मालक दारात. दोन्ही हात बगलेत कोंबलेले. "तपासायला आलो न्हाई. कायदा हाय." बसले. चहा झाला, परत चहा झाला. उठंनात. मालकीणबाई गेल्यापासून त्यांच्या घराला कुलूपच असतंय, पोरगा पुण्याला. कारभारणीनं भाकर वाढली, ती बी गुमान खाल्ली.

जाताना उंबऱ्यात थांबले. बगलेतून हात काढला अन् माझ्यापुढं धरला.

"कायदा गड्यासाठी हाय. मालकाचं कुणी बघायचं? बघ जरा, सकाळपासून कसंतरी व्हायलंय."

मी मनगट मुठीत धरलं. दाबलं, सोडलं. माझ्यापरीस तेच गरम होतं.

"ओल हाय, मालक."

"चालंल का?"

"माल चालत न्हाई," म्हणलं.

कारभारणीनं माझ्या बाजेशेजारी दुसरी बाज टाकली.