नॉटची जागा

"जेवायला बोलवायचं तर ‘जेवायला या’ म्हणावं ना सरळ. तोंडात काय वाल भरलेत काय त्यांच्या?"

ठमाबाई हे सुपातल्या वालांना सांगत होत्या. पण सूप आणि सूनबाई यांच्यात हातभराचंच अंतर होतं, त्यामुळे वालांआधी ते नम्रतानेच ऐकलं. तिने लक्ष दिलं नाही. ती मोबाईल डोळ्यांपासून लांब धरून पेणहून आलेला मेसेज चौथ्यांदा वाचत होती. मेसेज इंग्रजीत होता. "या रविवारी आपण जेवायला आलात तर आम्हाला आनंद होईल," असं त्यात लिहिलं होतं, आणि ते आपल्याला पहिल्या फटक्यात कळलं याचा नम्रताला जेवणापेक्षा जास्त आनंद झाला होता.

मेसेज पाठवणारी भूमिका इंग्रजी शाळेत शिकवायची. तिचा धाकटा दीर हितेश आणि नम्रताची लेक अपेक्षा धाटावला एकाच कंपनीत होते, ती लॅबमध्ये, तो स्टोअरमध्ये. दोघांचं जमलं होतं. दोन्ही घरांची एकदा चहावर भेट झाली होती. त्या दिवशी हितेशची आई विमलबाई गुडघा धरून आत पडून होत्या, त्यांचं तोंडही बघायला मिळालं नाही. म्हणजे लग्न जवळजवळ ठरलं होतं. आणि जवळजवळ ठरलेलं लग्न म्हणजे निडीचं स्टेशन. गाडी थांबते, पण थांबली असं वाटेपर्यंत सुटते.

"आई, मी लिहू का उत्तर?" अपेक्षाने विचारलं.

"तू जा शिफ्टला. मला काय इंग्रजी नाय येत?"

अपेक्षाने डबा उचलला. तिचा बाप, जनू, दारात पाणी पीत होता. तांब्या त्याने बराच वेळ तोंडाला लावून ठेवला.

नम्रताच्या इंग्रजीची गोष्ट अशी. तिची शाळा सातवीत सुटली. पुढे अपेक्षा पाचवीत गेली तेव्हा नम्रताही तिच्या पुस्तकासकट पाचवीत गेली, अपेक्षा दहावीत तेव्हा नम्रता दहावीत. फक्त परीक्षेला एकटी अपेक्षा बसली. त्यामुळे नम्रताची एकही चूक कधी लाल शाईत निघाली नाही. गावात तिचा दबदबा होता. धाटावला जाणारे सगळे रजेचे अर्ज तिच्याकडून लिहून घेत. मोरूला ताप आला तेव्हा ‘कामावर यायला तयार नाही’ हे तिने ‘आय ॲम रेडी नॉट टू कम’ असं लिहिलं. साहेबांनी वाचलं, की हा न यायला तयारच आहे, आणि चार दिवसांची रजा दिली. गावातल्याच रितेशला बदली नको होती, त्यापेक्षा रात्रपाळी चालली असती. त्याचं ‘मला रात्रपाळीची भीती नाही’ हे ‘आय ॲम अफ्रेड नॉट टू डू नाईट शिफ्ट’ झालं. रात्रपाळी नाही केली तर मला भीती वाटते, असं वाचून साहेबांनी त्याला सलग दोन महिने रात्रीच बोलावलं. रितेश जागरणाने लाल झालेले डोळे घेऊन फिरायचा, पण नम्रतावहिनीला म्हणायचा, "साहेब खूश झाले."

असं हे प्रेमळ गाव.

तर रविवारी अपेक्षाला शिफ्ट होती, जाणं शक्य नव्हतं. यायला जमत नाही म्हणून आम्ही काही खूश नाही, एवढंच कळवायचं होतं. अपेक्षाच्या जुन्या गाईडमध्ये एक वाक्य होतं, ‘सॉरी नॉट टू कम.’ नम्रताने त्यावर केव्हाच काट मारली होती. सॉरीतच एक नाही असतं, त्यात आणखी एक नॉट म्हणजे आमटीत दोनदा मीठ. छापणाऱ्याची चूक. तिचा स्वतःचा नियम साधा होता. आपण ‘खूश नाही’ म्हणतो, ‘नाही खूश’ म्हणत नाही. ‘नाही’ हे नवऱ्यासारखं असतं, मागूनच चालत येतं. मग इंग्रजीतही आधी हॅपी, मागून नॉट.

तिने लिहिलं, ‘वुई आर व्हेरी हॅपी नॉट टू कम.’ खाली हात जोडले आणि दोन गुलाब लावले.

आम्ही येत नाही याचा आम्हाला फार आनंद झाला आहे, असा हा निरोप गुलाबांसकट पेणला पोचला.

तिकडून आलं, ‘ओके.’ फूल नाही, पान नाही.

"रागावली काय गो?" ठमाबाईंनी विचारलं. त्यांना इंग्रजी कळत नव्हतं, पण फुलं मोजता येत होती.

"शिकलेल्या माणसांचं बोलणं कमीच असतं," नम्रता म्हणाली. पण तिलाही जरा टोचलंच. दुसऱ्या दिवशी गोडवा वाढवावा म्हणून तिने विमलबाईंची आठवण काढली. त्यांची भेट व्हायला हवी होती, आमचं नशीब नाही. लकी, मागून नॉट. ‘वुई वेअर लकी नॉट टू मीट युवर मदर-इन-लॉ.’ तुमच्या सासूबाई भेटल्या नाहीत, वाचलो आम्ही.

दोन निळ्या खुणा उमटल्या. उत्तर आलं नाही.

मग नम्रताने हुकमाचा पत्ता काढला. वालाच्या शेंगा भरल्या होत्या, शेतात मडक्यात शेंगा भाजायचे, पोपटी लावायचे दिवस होते. शनिवारी पोपटीला या, मोकळ्या नसाल तर कळवा. ‘इफ’ कुठे लावायचं ते तिला आठवेना, म्हणून तिने ते सोडून दिलं. ‘सॅटरडे पोपटी. यू आर फ्री नॉट टू कम. टेल मी.’ शनिवारी पोपटी आहे, नाही आलात तरी चालेल, तसं सांगून टाका.

यालाही उत्तर आलं नाही.

"म्हणजे मोकळ्या आहेत," नम्रता म्हणाली. "नसत्या तर कळवलं नसतं?"

शुक्रवारी अपेक्षा कामावरून आली ती डोळे सुजवून. नम्रता अंगणात मडकं धूत होती.

"काय गो, काय झालं?"

"काय नाय. ॲसिडचा वास."

मग बापलेक गोठ्यात जाऊन कुजबुजत बसले. जनू एकदा बाहेर आला, बायकोकडे बघितलं, तिने घासून चकचकीत केलेल्या मडक्याकडे बघितलं, आणि पुन्हा आत गेला. नम्रताला वाटलं, लेक सासरी जाणार म्हणून बाप हळवा झालाय. तिने मडकं आणखी एकदा घासलं.

शनिवारी उन्हं कलली तेव्हा शेतात पोपटी पेटली होती. भांबुर्ड्याचा पाला तळाला, त्यावर शेंगा, अंडी, मीठ, ओवा, वर पुन्हा पाला, आणि मडकं उपडं करून भोवती पेंढ्याचा जाळ. जनू काठीने जाळ सारखा करत होता, अपेक्षा आणि ठमाबाई उरलेल्या शेंगांच्या टोपलीशी बसल्या होत्या. तेवढ्यात बांधाशी रिक्षा थांबली. आधी काठी उतरली, मागून विमलबाई, मग भूमिका, आणि सगळ्यात शेवटी हितेश, वर्गाबाहेर काढलेल्या पोरासारखा.

"या, बसा," नम्रताने चटई झटकली.

विमलबाई बसल्या, पण चपला पायातच ठेवल्या. "आम्ही खायला नाय आलो. बोलावलंय का हाकललंय, ते तोंडावर विचारायला आलो. वाच गो भूमिका."

भूमिकाने मोबाईल काढला आणि एकेक वाक्य मराठीत सांगितलं. अपराध्यासारखं, खालच्या आवाजात. न येण्यात आनंद आहे. सासूबाई भेटल्या नाहीत हे नशीब. नाही आलात तरी चालेल.

नम्रता ऐकत राहिली. हे सगळं दुसऱ्याच कुण्या आगाऊ बाईने लिहिलंय असं तिला वाटलं, आणि त्या बाईचा तिला भयंकर राग आला.

"असं कोण लिहितं?" विमलबाई म्हणाल्या.

"फोन," जनू जाळाआडून म्हणाला. "फोनच लिहितो आपापला. आपण एक दाबलं की तो दुसरंच घालतो."

"तीन वेळा?"

"रेंज नसते ना शेतात," अपेक्षा घाईघाईने म्हणाली. "अर्धे शब्द पोचतात, अर्धे नाय."

"नॉट तेवढं बरोबर पोचलं?" भूमिकाने विचारलं.

"बोट माझं लागलं असंल," ठमाबाईंनी जन्मात न धरलेल्या फोनची जबाबदारी अंगावर घेतली. "दिसत नाय मला."

"आणि आई, त्यांचा नेट पॅक..." हितेशने सुरुवात केली.

"तू गप," विमलबाई म्हणाल्या. त्या काठीवर जोर देऊन उठल्या. "एक म्हणतो फोन, एक म्हणते रेंज, म्हातारी म्हणते बोट. तिघं तीन गोष्टी सांगताय. पोरगी द्यायची नसंल तर तसं सांगा. खोटं बोलणाऱ्या घरात मी सोयरीक करायची नाय. चल रे हितेश."

हितेश उठला. अपेक्षाने त्याच्याकडे बघितलं नाही, शेंगांच्या टोपलीकडे बघत राहिली, आणि टोपलीच्या काठाची एक काडी तिने मोडली. ती कट्‍कन मोडल्याचा आवाज नम्रताला नीट ऐकू आला.

नम्रताने सगळ्यांकडे पाहिलं. जनूकडे, लेकीकडे, सासूकडे. सगळे जमिनीकडे बघत होते. आणि एकदम तिला कळलं. हे आज शोधलेलं खोटं नव्हतं. फार जुनं, वापरून मऊ झालेलं होतं. तांब्या, गोठा, रितेशचे लाल डोळे, सगळे तिला सांभाळत होते. किती वर्षं, देव जाणे.

"बसा विमलबाई," ती म्हणाली. "पोरगी द्यायची हाय. तुम्ही भेटला नाय म्हणून त्या दिवशी मी रिक्षात चुकचुकत बसले होते, यांना विचारा. मला तेच लिहायचं होतं."

"मग लिहिलं का नाय?"

नम्रताने पदराने तोंड पुसलं. घाम नव्हता तरी पुसलं.

"फोनचं काय नाय. रेंजचंही नाय. मला इंग्रजी येत नाय."

विमलबाईंनी तिच्याकडे निरखून पाहिलं. मग हळूच खाली बसल्या, चपला काढून बांधाकडे सरकवल्या आणि म्हणाल्या, "मग उतरव गो ते मडकं. करपेल."

अपेक्षा रडत होती की हसत होती ते धुरात कळेना. हितेश धुराच्या त्या बाजूला जाऊन बसला.

नम्रता मात्र तशीच उभी होती, वाट बघत. एवढं मोठं बोलले, तर निदान एक जण तरी ‘असं काय नाय गो, येतं की तुला’ म्हणेल, अशी तिची माफक अपेक्षा होती.

कोणीच म्हणालं नाही. ठमाबाईंनी सुटल्यासारखा श्वास सोडला, आणि जनू जाळ विझवता विझवता म्हणाला, "चला. सुटलो एकदाचे."