चटईवरून झगा

अंड्यांना ओहोटी लागल्याचं मोसेसेला कळलं ते ट्रे गाडीत चढवताना. एरवी शेडपासून गाडीपर्यंत हेलपाटे घालून कंबर मोडायची. त्या दिवशी काम लगेच संपलं. कुठे काही राहिलं असेल म्हणून तो पुन्हा आत जाऊन आला. काही राहिलं नव्हतं.

त्याची बायको लेसिएली जाऊन महिनाही झाला नव्हता. कोंबड्या तिच्या. खाद्य, पाणी, खालचा भुसा, शेडचे पडदे, सगळं तीच बघायची. मोसेसेकडे फक्त गाडी चालवणं आणि अंडी पोचवताना हॉटेलवाल्यांशी गप्पा मारणं होतं. शेवटच्या आजारात ती म्हणाली होती, "माझ्या कोंबड्यांची आबाळ करू नकोस." त्याने मान डोलावली होती. मग आता काय वाट्टेल ते होवो, आबाळ होऊ द्यायची नाही.

ओसरीवर लावीनिया आत्या बसल्या होत्या. लेसिएलीच्या वडिलांची थोरली बहीण. दुखवट्याचं वर्ष जावई नीट पाळतो की नाही हे बघायला त्या मुक्कामी आल्या होत्या. हलके ट्रे त्यांनी लांबूनच ओळखले.

"जावई, कोंबड्या म्हाताऱ्या झाल्या की काय?"

"नाही आत्या. उन्हाने असेल."

"ऊन काय टोंगात आजच पडलं? ऐक, दुखवटा सुटायच्या जेवणाला ढीगभर माणसं येणार. अंडी देत नसतील तर जमिनीतल्या चुलीत तरी कामाला येतील."

मोसेसे तडक खाद्याच्या दुकानात गेला. दुकान फेलेटीचं, त्याच्या लहानपणच्या मित्राचं.

"तुझ्या खाद्यात काहीतरी खोट आहे."

"माझ्या खाद्यात?" फेलेटी खुर्चीतून उठला. "अख्खा वाईनी गाव तेच खाद्य नेतो. बाकीच्यांच्या कोंबड्या खातात, तुझ्या नाक मुरडतात?"

"खातच नाहीत रे. मी खाद्य टाकलं की पळतात."

"मग तूच जरा कमी टाक. चेहरा बघून भूक मरत असेल त्यांची."

मोसेसेने हट्टाने दुसऱ्या बोटीने आलेला माल घेतला आणि सकाळ-संध्याकाळऐवजी दिवसातून चार वेळा ताजं खाद्य टाकायला लागला. अंडी आणखी घटली. मग उकाड्याची शंका आली. तो तासातासाला आत जाऊन पडदे वर-खाली करू लागला. अंडी आणखी घटली. मग भुसा ओला असेल म्हणून त्याने दाताळं घेऊन अख्खी शेड उकरली. त्या दिवशी कोंबड्या एका कोपऱ्यात एकमेकींच्या अंगावर चढून बसल्या आणि अंडी टोपलीचा तळही झाकेनात. जितकी काळजी घ्यावी तितकी अंडी कमी.

शेवटी फेलेटी स्वतः आला. जाळीबाहेर उभा राहून म्हणाला, "जा आत. नेहमीसारखं खाद्य टाक."

मोसेसे आत गेला. काळा शर्ट, काळं लुंगीसारखं वस्त्र आणि टोंगात दुखवट्यात कमरेला गुंडाळून बांधतात ती जुनी, फाटकी चटई, छातीपासून गुडघ्यापर्यंत. पाऊल टाकलं की खस्स, दुसरं टाकलं की खस्स. पंखांचा एकच गदारोळ उडाला. फेलेटी जाळीला धरून हसत सुटला.

"बाहेर ये, बाहेर ये! मोसे, अरे तू माणूस दिसत नाहीस. कासव मागच्या पायांवर उभं राहिल्यासारखं दिसतंय."

मग फेलेटी आपला निळा शर्ट घालून आत जाऊन आला. एक-दोघींनी वर बघितलं, बाकीच्या टिपत राहिल्या.

"मग रोज तूच येत जा."

"दुकान काय तुझी आत्या बघणार? लेसिएली काय घालायची आत जाताना?"

"तो लाल फुलांचा झगा. कायम तोच."

"बस्स. त्यांना तोच माहीत आहे. ती चटई सोड."

"चटई सोडली तर आत्या मला सोडायच्या नाहीत."

चटई सुटणार नव्हती आणि कोंबड्या चुलीत जाऊ द्यायच्या नव्हत्या. झगा शेडच्या दाराआडच्या खिळ्यावर तसाच लटकत होता. मोसेसेने तो काढला, जरा वेळ हातात धरला आणि चटईवरून चढवला. लेसिएली अंगाने भक्कम होती. तो चटईसकट आत मावला. तिच्यासारखंच एक स्तोत्रही त्याने गुणगुणून बघितलं. सूर चुकला, पण कोंबड्यांनी मनावर घेतलं नाही. त्या पायाशी येऊन खाऊ लागल्या.

हळूहळू ट्रे जड व्हायला लागले. तेच नडलं. अंडी एकाएकी वाढली कशी, हे बघायला आत्या स्वतः निघाल्या. अंगभर काळं आणि कमरेला चटई घालून त्यांनी धाडकन दार उघडलं. समोर जावई, लाल फुलांत, तोंडाने देवाचं गाणं.

"अरे देवा!" आत्या ओरडल्या.

कोंबड्या छपरापर्यंत उडाल्या. एक आत्यांच्या डोक्यावर उतरली. मोसेसेच्या हातची टोपली पडली, अंडी फुटली, आणि पळता पळता आत्या त्यांवरून घसरून भुशात बसल्या.

धुरळा खाली बसला तेव्हा त्या नुसत्या झग्याकडे बघत होत्या. मोसेसेने ठरवून टाकलं, काय बोलायचं ते बोलू देत, झगा काढायचा नाही.

"चटई आत आहे?" त्यांनी विचारलं.

"आहे."

"मग झालं तर." त्यांनी बाहीने डोळे पुसले, भुसा गेला म्हणाल्या. "तोंड तिकडे कर. पाठीची बटणं लावायची असतात, एवढंही कळत नाही? तिला असं उघडं कधी बघितलंस?"

त्यांनी एक-एक बटण लावलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या शेडच्या दारात आल्या, तेव्हा त्यांच्या चटईवरून फेलेटीच्या बायकोचा पिवळा झगा होता.

जेवणासाठी आता डुकरं ठरली आहेत. आत्यांचा पिवळा झगा दर शनिवारी धुतला जातो. लाल झग्याला भुसा, अंडी आणि खाद्य सगळं लागलं आहे. कोंबड्या वासावरून ओळखतात, असं मोसेसे सांगतो. फेलेटी म्हणतो, कोंबड्यांना वासाचं काही पडलेलं नसतं. तो झगा अजून धुवायचा राहिला आहे.