सोळापर्यंत मोजणारी पूरघंटा

एका जंगलात एक यंत्र होतं. त्याला स्वतःचं असं काही रूप नव्हतं. पण दुसऱ्या कुठल्याही यंत्राचं सोंग ते हुबेहूब घेई.

समजा, जंगलातला जुना तेलघाणा मोडून पडला. तो बनवणारा सुतारपक्षीही म्हातारा होऊन गेला. मग या यंत्राला सांगायचं, 'बाबा रे, तू घाणा हो.' की ते घाणा होई. तसंच कुरकुरे आणि तसंच तेल गाळी. रहाट हो म्हटलं, की रहाट होई.

शहरातले लोक अशा यंत्राला एम्युलेटर म्हणतात. जंगलात त्याचं नाव होतं बहुरूपी.

बहुरूपी कुणा एकाचा नव्हता. ज्याला वाटेल त्यानं त्याचं पोट उघडून आत बघावं, आणि जमेल त्यानं दुरुस्ती करावी, असा रिवाज होता. याला मुक्तस्रोत म्हणतात, मुलांनो. म्हणजे मालक कुणी नाही आणि सल्लागार सगळे.

एक अडचण मात्र होती. बहुरूपी झोपेतून उठला, की त्याला काही आठवत नसे. आपण कोण, आपल्याला चाकं किती, कान किती, काही म्हणता काही नाही. म्हणून प्रत्येक सोंगाची एक जागवणी असे. ती चार ओळींची जागवणी कानावर पडली, की बहुरूपी 'अच्छा, मी घाणा तर!' असं म्हणून कामाला लागे. शहरात हिलाच फर्मवेअर म्हणतात.

या जागवण्या बहुरूप्यासोबत तयारच मिळत. प्रत्येकीची दोन रूपं असत. एक ताडाच्या पानावर लिहिलेलं, सगळ्यांना वाचता यावं म्हणून. दुसरं मडक्यात भरलेलं. पोपटाकडून पान वाचून घ्यायचं, त्याचा आवाज मडक्यात कोंडायचा आणि तोंडाला मेण लावायचं. बहुरूप्याला वाचता येत नव्हतं. तो उठताना मडक्याच्या पोटाला कान लावी.

जंगल पान वाची आणि यंत्र मडकं ऐके. एवढं लक्षात ठेवा, बाकी गोष्ट सोपी आहे.

नदीकाठच्या दरडीत साळूबाई साळिंदर राहत होती. पदरात दोन पिल्लं. त्यांचे काटे अजून मऊ होते. साळिंदरं दिवसा झोपतात, त्यामुळे नदीवर नजर ठेवणं साळूबाईला शक्य नव्हतं. तिचा सगळा भरवसा पूरघंटेवर होता. पूरघंटा हे बहुरूप्याचं पावसाळी सोंग. पाणी सतरा हात चढलं की तिनं वाजायचं. बिळं होती अठरा हातांवर. घंटा वाजली, की पिल्लांना घेऊन टेकडीवर पळायचं, असा हिशेब.

मागच्या पावसाळ्यात एका दुपारी साळूबाईला शेपटी ओली लागली म्हणून जाग आली. बघते तर पाणी दारात. घंटा गप्प. तिनं पिल्लांना पुढ्यात घालून वर पळत नेलं. पळता पळता बहुरूप्याला विचारलं, "मेल्या, पाणी किती?"

"दोन हात," बहुरूपी म्हणाला. "निर्धास्त झोपा."

पूर ओसरल्यावर साळूबाईनं पूरघंटेचं पान काढून वाचलं. जागवणी लिहिणाऱ्यानं आयुष्यात सोळाच हात पाणी पाहिलं असावं. सोळापर्यंत मोजायचं आणि पुन्हा एकपासून सुरू करायचं, असं त्यानं लिहून ठेवलं होतं. सतरा हाताचा त्यात एक हात होई. म्हणजे घंटा सतराला वाजणार, आणि सतरा कधी येणारच नाही!

साळूबाईनं चौकशी केली. ही जागवणी मुळात डोंगरापलीकडच्या जंगलातली. तिथल्या खारींनी ही चूक तीन पावसाळ्यांपूर्वीच दुरुस्त केली होती. नवी जागवणी फक्त आणून बसवायची होती. साळूबाई दोन दिवस चालत गेली आणि भरलेलं मडकं घेऊन आली.

मडकीघर खवले अण्णांच्या ताब्यात होतं. अण्णा म्हणजे खवल्या मांजर. सज्जन, कष्टाळू, पण अवघड प्रश्न आला की अंगाचं गोल वेटोळं करून बसत.

"हे मडकं चालायचं नाही, साळूबाई," अण्णा म्हणाले. "बाहेरून भरून आणलेलं मडकं आम्ही घेत नाही. आत काय भरलंय, कुणी पाहिलंय?"

"मग तुमच्या मडक्यात काय भरलंय ते कुणी पाहिलंय?"

अण्णांनी डोकं थोडंसं आत घेतलं. "पान आणा. पान सगळे वाचतील. मग मडकं मी स्वतः भरीन. रिवाज आहे."

रिवाज वाईट नव्हता, मुलांनो. कुणीही उठून मडकं ठेवायला लागलं, तर एखादा लबाड घाण्याला तोफ बनवायचा. साळूबाईलाही ते पटलं. ती पुन्हा दोन दिवस चालत गेली आणि पान घेऊन आली.

पान वडाला टांगलं. सगळ्यांनी वाचून सूचना कराव्यात, अशी दवंडी झाली. पहिले आले धनेशपंत. चोच इतकी मोठी, की बोलायच्या आधीच मत दिसे.

"तिसऱ्या ओळीत अक्षरं वाकडी आहेत," पंत म्हणाले.

"अक्षरं राहू द्या हो. आकडा बघा. सोळाच्या जागी साठ झालाय."

"आकड्याचं नंतर बघू. आधी समास. डावीकडे दोन बोटं जागा सोडायची असते. ही दीडच आहे."

साळूबाईनं समास दोन बोटं केला. मग कुणी म्हणालं, साठ कशाला, शंभर का नको? कुणी म्हणालं, हात हे मापच जुनं झालं, वाव घ्या. बारा दिवस वाव आणि हात यांची लढाई चालली. तेराव्या दिवशी दोन्ही पक्षांनी आपापसात तह केला. समास तीन बोटं हवा, असं दोघांचंही मत पडलं.

असे तीन महिने गेले. आभाळ भरू लागलं. साळूबाईनं पान नऊ वेळा लिहिलं. नवव्यांदा पंत म्हणाले, "आता कसं पान दिसतंय!" आणि पान मंजूर झालं.

मोठा समारंभ झाला. जुनं पान उतरवलं आणि नवं पान पूरघंटेच्या मडक्याशेजारी मानानं ठेवलं. पंतांनी सर्वांचे आभार मानले. साळूबाईचे मानायचे राहिले, पण ते चुकून.

मग तपासणी. बहुरूप्याला उठवलं. त्यानं मडक्याला कान लावला, आळस दिला आणि म्हणाला, "मी पूरघंटा. उठले."

टाळ्यांचा कडकडाट झाला.

"सतरा हात मोजून दाखवायला सांगा की," साळूबाई म्हणाली.

"सतरा हात पाणी आता कुठून आणू, बाई?" पंत म्हणाले. "उठली ना? मग झालं. आवाजातसुद्धा किती गोडवा आलाय!"

सगळ्यांनी मान डोलावली. गोडवा आला होता खरा.

साळूबाईला मात्र चैन पडेना. दोन दिवसांनी ती मडक्याजवळ गेली, तेव्हा अण्णा आणि पंत तिथंच होते. मडक्याच्या तोंडावरच्या मेणात कुंभारमाशीनं मातीचं घर बांधलेलं होतं. जुनं, वाळलेलं, दोन पावसाळ्यांचं. मेण तर कुठंच उकललेलं नव्हतं.

"अण्णा," ती हळूच म्हणाली, "मडकं भरलंत ना?"

"मी? मला वाटलं पानासोबत पंतांनी भरून घेतलं."

"मी पानाचा माणूस," पंत म्हणाले. "मडक्याला मी हात लावत नाही."

"म्हणजे तीन महिने भांडून आपण फक्त पान बदललं!" साळूबाईचे काटे उभे राहिले. "यंत्र अजून जुनंच ऐकतंय! अण्णा, आत्ता पोपटाला बोलवा. एका दिवसाचं काम आहे."

अण्णांनी वेटोळं केलं.

"अण्णा!"

वेटोळ्याच्या आतून आवाज आला, "पानावर नवीन लिहिलंय ना? मग नोंदीप्रमाणे नवीनच आहे."

साळूबाई आणखी काही बोलणार, तोच भालोबा अस्वल तक्रार घेऊन हजर झाला. भालोबाही काठावरच राही. शेजारच्या कपारीत.

"ही नवी जागवणी काढून टाका," भालोबा गुरगुरला. "ती आल्यापासून माझ्या डोळ्याला डोळा नाही."

"भालोबा, अरे, मडकं तेच आहे. काहीच बदललेलं नाही!"

"तुला काय कळतं? पूर्वी घंटा कधी वाजत नसे. हीच तर तिची खुबी होती. आता ती वाजेल, या धास्तीनं मी जागा असतो. आधी असं होत नव्हतं."

"पाणी चढलं तर वाजायलाच पाहिजे ना रे!"

"पाणी पाण्याच्या जागी. झोप झोपेच्या जागी."

पंचाईत झाली. नव्या जागवणीनं एका जुन्या रहिवाशाची झोप मोडली, ही बाब गंभीर होती. जुन्यांचं जे चाललंय ते मोडायचं नाही, हा बहुरूप्याचा पहिला नियम. सभा भरली. साळूबाई दोन तास मडक्याकडे बोट दाखवत होती. सभा पानाकडे बघत होती. शेवटी ठराव झाला, की नवं पान उतरवून जुनं पुन्हा लावावं आणि या विषयाचा साकल्यानं विचार पुढच्या उन्हाळ्यात करावा.

जुनं पान लावलं. त्या दिवशी भालोबा गाढ झोपला. "लगेच फरक पडला," असं तो उठल्यावर सगळ्यांना सांगत सुटला.

साळूबाई घरी आली. पिल्लं एकमेकांच्या अंगावर पाय टाकून झोपली होती. तिनं दाराबाहेर बघितलं. नदी गढूळ झाली होती आणि पाणी नऊ हातांवर होतं. ते तिनं स्वतः मोजलं.

मग ती उठली. टेकडीवर गेली. टेकडीवर कातळ होता, म्हणूनच तिथं कुणी बीळ करत नसे. साळूबाई अकरा दिवस कातळाच्या भेगेतली माती उकरत राहिली. पुढच्या दोन पायांची नखं झिजून बोथट झाली. बाराव्या दिवशी बीळ झालं. अरुंद, ओबडधोबड, मुळांचा वाससुद्धा नाही. पिल्लं कुरकुरली. तिनं दोघांना एकेक धपाटा दिला आणि आत ढकललं.

सोळाव्या दिवशी भरदुपारी नदी चढली.

काठावर धनेशपंत बहुरूप्याच्या डोक्यावर बसले होते. "पाणी किती?" त्यांनी विचारलं.

"सोळा हात," बहुरूपी म्हणाला.

थोड्या वेळानं पंतांनी पुन्हा विचारलं.

"एक हात."

"बघा, ओसरलं," पंत म्हणाले. तोवर पाणी बहुरूप्याच्या कंबरेला लागलं होतं. "तीन हात," असं म्हणत म्हणत बहुरूपी गळ्यापर्यंत बुडाला, तेव्हा पंत उडून झाडावर बसले. तिथूनही त्यांनी यंत्राचंच ऐका, असं सगळ्यांना ओरडून सांगितलं.

साळूबाईचं जुनं बीळ दरडीसकट वाहून गेलं. वरून ते तिला दिसलं. तिनं पिल्लांना जवळ ओढलं आणि त्यांच्या डोळ्यांवर पंजा ठेवला. पिल्लं झोपलेलीच होती, तरी ठेवला.

भालोबा एका ओंडक्याला मिठी मारून वाहत निघाला होता. टेकडीच्या वळणावर ओंडका अडकला. साळूबाईनं एक वेल खाली सोडला. भालोबा धापा टाकत वर आला.

"घंटा वाजलीच नाही!" तो रडवेला होऊन म्हणाला.

"झोप लागली होती का पण?" साळूबाईनं विचारलं.

"झोप काय म्हणतेस, अशी झोप कित्येक दिवसांत लागली नव्हती!"

"मग कुणाला बोल लावतोस, बाबा? बस. अंग पूस."

चार दिवसांनी पूर ओसरला. बहुरूप्याला चिखलातून काढून धुतलं. तो उठला, त्यानं मडक्याला कान लावला आणि "मी पूरघंटा" म्हणाला. टाळ्या झाल्या. मडकं पक्कं निघालं, मेणाला चरासुद्धा गेला नव्हता, म्हणून अण्णांचा सत्कार ठरला.

सत्काराआधी अण्णांनी तक्रारींची वही समोर घेतली. पूरघंटेबद्दल एकच तक्रार शिल्लक होती. साळूबाईची. अण्णांनी बराच विचार केला. मग तिच्यापुढे सुवाच्य अक्षरात लिहिलं: 'निकाली. तक्रारदार आता नदीकाठी राहत नाही.'

तात्पर्य: मुलांनो, यंत्रातला दोष काढायच्या भरीस कधी पडू नये. तक्रारदाराला तेवढं काठावरून काढावं. नोंद तीच होते, समास बिघडत नाही आणि मेणही वाचतं.