कोल्हेशेठचं भरवशाचं पिस्तूल

एका जंगलात, मुलांनो, एक साळिंदर राहत होतं. कुठल्या जंगलात ते विचारू नका, तिथं आता प्लॉट पडलेत. नाव सांगितलं की तुमच्यातलाच कुणीतरी म्हणणार, तिथं आमच्या मामाचा एक आहे, आणि गोष्ट राहील बाजूला.

साळिंदर माहीत आहे ना? पाठभर लांब लांब काटे असतात ते. काय म्हणालास रे मागं? काटे फेकून मारतं? छट्! सगळ्या थापा आहेत. साळिंदर काही फेकत नाही. ते नुसती पाठ फिरवतं आणि काटे उभे करतं. ज्याला घाई असते तो आपणहून येऊन आदळतो. एवढं डोक्यात ठेवा, पुढं लागणार आहे. आणि आता मध्ये बोलायचं नाही.

तर या साळिंदराचं नाव साळोबा. त्यांना एकच नाद होता, वस्तू पारखण्याचा. जंगलात काही नवं आलं की ते आधी साळोबांकडं जायचं. छत्री आली, साळोबा तिच्याखाली अख्खी दुपार पावसात बसले आणि म्हणाले, "डावीकडं गळते." बॅटरी आली, साळोबांनी ती चिखलात पुरली, उकरून काढली आणि म्हणाले, "बरी आहे. घुबडाच्या तोंडावर मात्र मारू नका, ते चिडतं." सकाळी वडाखालच्या सपाट दगडावर उभं राहून ते आपलं मत सांगायचे. त्यांनी एकदा "भरवशाचं आहे" म्हटलं, की त्या वस्तूवर उड्या पडायच्या.

साळोबा खोटं बोलत नसत. कधीच नाही. बायकोनं भाजी कशी झालीय विचारलं तरीसुद्धा. त्यामुळे त्यांचं घरी फारसं जमायचं नाही, पण जंगलात मान मोठा होता.

एक दिवस करंजाच्या झाडाखाली दुकान मांडणारा कोल्हेशेठ त्यांच्याकडं एक पिस्तूल घेऊन आला. पिस्तूल कसलं, तळहातावर मावेल एवढीशी वस्तू. गोळी चिंचोक्याएवढी.

"साळोबा, जरा नजर टाका. गरिबाचं हत्यार आहे," कोल्हेशेठ म्हणाला.

"एवढंसं?"

"म्हणून तर टोपलीभर बोरांत देतोय. अस्वलाकडं आहे तसली बंदूक सशाला परवडेल का? आणि परवडली तरी उचलेल का?"

"या गोळीनं बिबट्या मरेल?"

"मरायला कशाला पाहिजे? घाबरला म्हणजे पुष्कळ झालं. आवाज बघा तुम्ही, आवाज!"

आता बिबट्याचं नाव निघालंय तर सांगतो. ओढ्याकाठी घाणेरीची दाट जाळी होती, आणि त्या जाळीत एक बिबट्या मुक्कामाला होता. नेमकं हिरवं गवत ओढ्याकाठीच. टेकडीवरचं सगळं वाळून गेलेलं. साळोबांच्या शेजारी कापशी नावाची सशीण राहायची. तिचा नवरा मागच्या साली गवताला म्हणून ओढ्यावर गेला तो आलाच नाही. तेव्हापासून कापशी आणि तिची दोन पिल्लं वाळकं खाऊन दिवस काढत होती. पिल्लांच्या बरगड्या दिसायला लागल्या होत्या. साळोबांना ते बघवत नसे.

पिस्तूल आल्याचं कळताच कापशी धावत आली.

"भाऊजी, हे उडतं ना नक्की?"

"बघून सांगतो. घाई नको."

"घाई मला नाही हो, पोरांच्या पोटाला आहे."

साळोबा लगेच कामाला लागले. वारुळावर एक कवठ ठेवलं, डोळा मिटला आणि चाप ओढला. ठो! कवठ जागच्या जागी. शेजारच्या झाडावरचं माकड मात्र खाली पडलं, घाबरून.

"नेमाचं नंतर बघू. आधी उडतंय का, एवढंच," साळोबा म्हणाले आणि त्यांनी पुन्हा चाप ओढला.

टक.

"नवीन आहे, लाजतंय," कोल्हेशेठ म्हणाला.

पुन्हा टक.

"गोळी गारठलीय. उन्हात ठेवा जरा."

गोळ्या उन्हात ठेवल्या. टक. करंजाचं तेल घातलं. ठो, आणि मग टक. चिखलात बुडवलं, पुसलं, ठो. कोरडं ठणठणीत ठेवलं, टक. एकदा तर साळोबा पिस्तूल दगडावर ठेवून कंद खायला बसले होते, कुणी हातसुद्धा लावला नव्हता, आणि ते आपलं आपण उडालं. कंदाचे तुकडे झाले.

"बघा, किती तत्पर आहे!" कोल्हेशेठ म्हणाला.

"शेठ, हे लहर लागली तर उडतं. वस्तू लहरी असून चालत नाही. माझं मत झालंय. उद्या सकाळी दगडावर सांगतो," साळोबा म्हणाले.

कोल्हेशेठचं तोंड एवढंसं झालं. कापशीनं ते सगळं लांबून ऐकलं. संध्याकाळ झाली, पिल्लं रडायला लागली, आणि तिच्या मनानं घेतलं, की पिस्तूल असो नाहीतर नसो, आज ओढ्यावर जायचंच.

साळोबाही तेव्हा ओढ्यावरच होते. पाय धूत होते. पिस्तूल हातात होतं, कारण परत करायच्या आधी वस्तू स्वच्छ करून द्यायची हा त्यांचा रिवाज. बघतात तर पलीकडं कापशी गवतात डोकं खुपसून खात सुटलेली, दोन्ही पिल्लं तिच्या पोटाशी. आणि घाणेरी हलली.

बिबट्या बाहेर आला. अंग झटकलं. मोठा सभ्य बिबट्या होता बरं का.

"नमस्कार, साळोबा. तुमच्याशी माझं काही वाकडं नाही. तुम्ही आपले तिथंच थांबाल का? माझं काम कापशीकडं आहे."

पण साळोबा थांबले नाहीत. उलट धावत पाण्यातून पलीकडं गेले आणि कापशीसमोर उभे राहिले.

"खबरदार! माझ्याकडं पिस्तूल आहे!"

बिबट्या थबकला. "असं? भरवशाचं आहे का?"

आता आली का पंचाईत! साळोबा खोटं बोलत नसत, हे बिबट्यालाही माहीत होतं. साळोबांनी पिस्तूल जरा वर धरलं.

"ते मी उद्या सकाळी सांगणार आहे."

बिबट्या पोट धरून हसला. मग त्यानं झेप घेतली. साळोबांनी चाप ओढला. टक. पुन्हा ओढला. टक. आणि मुलांनो, जन्माची सवय बघा! समोर बिबट्या हवेत आहे, आणि आमचे साळोबा पिस्तुलात काय अडकलंय ते उजेडात बघायला मावळत्या सूर्याकडं वळले. सूर्य होता मागं. म्हणजे बिबट्याकडं काय झाली? पाठ. शाबास!

"आई गं!" अशी एक किंकाळी उठली. त्या आवाजानं साळोबा दचकले, बोट आवळलं गेलं, आणि पिस्तूल उडालं. ठो! जांभळाच्या शेंड्यावरून दोन पानं खाली आली. साळोबांनी वळून बघितलं तर बिबट्या दोन्ही पंजांनी नाक धरून पळत सुटलेला.

कापशीनं काय पाहिलं? काही नाही. तिनं डोळे मिटून पिल्लांवर अंग टाकलं होतं. जंगलानं काय पाहिलं? आवाज ऐकून सगळे धावत आले, त्यांनी पळणारा बिबट्या पाहिला आणि साळोबांच्या हातात धुरकटलेलं पिस्तूल पाहिलं.

"नेम बघा नेम! बरोब्बर नाकावर!" कोल्हेशेठ ओरडला.

साळोबांनाही तसंच वाटलं. का वाटू नये? पाठीला डोळे असतात का? दुसऱ्या सकाळी ते दगडावर चढले, छाती फुगवली आणि म्हणाले, "आपली चूक कबूल करतो. परीक्षेत लहरी वाटलं, पण वेळेला उपयोगी पडलं. पिस्तूल भरवशाचं आहे."

झालं! करंजाखाली रांग लागली. सशांनी घेतली, भेकरांनी घेतली, खारींनीसुद्धा दोघींत एक घेतलं.

दुपारी साळूबाई, म्हणजे साळोबांची बायको, त्यांच्या पाठीला हळद लावायला बसली.

"अहो, इथं मागं पटांगण कसलं झालंय? काटे कुठं टाकून आलात?"

"अडकले असतील काट्याकुट्यात."

"काट्यांत काटे अडकायला लागले का आता? काहीतरीच!"

पण साळोबांचं मन थाऱ्यावर राहिना. ते उठले आणि ओढ्यावर गेले. काठच्या चिखलात त्यांचेच काटे पडले होते. एकाला पिवळे केस चिकटले होते, एकात बिबट्याची मिशी. आणि गोळी? ती पार वर, जांभळाच्या खोडात रुतून बसली होती. बिबट्या तिथं चढला असता तरच त्याला लागली असती.

साळोबा मटकन खाली बसले. त्यांना फार वाईट वाटलं. आपल्या तोंडून खोटं गेलं, आणि तेही दगडावरून! आता कापशी या खेळण्याच्या जिवावर जाळीजवळ जाणार. ते तसेच उठले, वडाखाली गेले आणि दगडावर चढून सगळ्यांना हाका मारल्या.

"पिस्तूल वेळेला उडालं नाही. बिबट्या माझ्या काट्यांवर आदळला. गोळी झाडाला लागली, चला, दाखवतो. पिस्तूल भरवशाचं नाही!"

कुणी जागचं हललं नाही.

"काय हा विनय!" कोल्हेशेठनं डोळे पुसले.

"विनय कसला? स्वतःच्या काट्यांची जाहिरात आहे ही," माकड म्हणालं.

"काट्यांनी बिबटे पळाले असते तर पिस्तुलं कुणी कशाला काढली असती?" अस्वल म्हणालं. हे सगळ्यांना एकदम पटलं.

साळोबा कापशीकडं वळले. "तू तरी ऐक. घेऊ नकोस ते."

"घेतलं, भाऊजी." तिनं कमरेचं पिस्तूल दाखवलं. "तुम्हीच तर म्हणालात भरवशाचं आहे."

"आता सांगतोय ना, नाही म्हणून!"

"तेव्हा तुम्ही लढून आला होतात. आता घरी बसून विचार करून आलाय." मग ती हळूच म्हणाली, "भाऊजी, तुमचं खरं असेल. पण काटे मला कुठून येणार? मला जे विकत मिळतं त्यावरच विश्वास ठेवायला हवा."

आता याला उत्तर काय? तुम्हाला सुचतंय का? मलाही नाही.

संध्याकाळी कापशी पिल्लांना घेऊन निघाली. कमरेला पिस्तूल, मान ताठ. ओढ्याच्या वाटेवर बघते तर साळोबा. ते तिच्या पुढं चालत होते, पण उलटे. तोंड तिच्याकडं, पाठ घाणेरीच्या जाळीकडं, काटे सगळे उभे.

"हे काय, भाऊजी?"

"काही नाही. उलटं चाललं की गुडघे सुधारतात म्हणतात. पारखून बघतोय."

साळोबांचं हे आयुष्यातलं जाणूनबुजून बोललेलं पहिलं खोटं. पहिलंच असल्यामुळे त्यांचे कान लाल झाले.

घाणेरी हलली. बिबट्यानं डोकं बाहेर काढलं. नाक अजून सुजलेलं होतं. कापशीनं पिस्तूल रोखलं आणि चाप ओढला.

टक.

बिबट्यानं काटे बघितले. नाकावरून एक पंजा फिरवला. आणि तो गुपचूप आत गेला.

"बघितलंत?" कापशी आनंदानं ओरडली. "उडायचीसुद्धा गरज पडली नाही! नुसता टक ऐकून गेला!"

पिल्लं गवतावर तुटून पडली होती. त्यांच्या तोंडातून हिरवा रस गळत होता. साळोबा त्यांच्याकडं बघत राहिले.

"हो गं बाई," ते म्हणाले. "भरवशाचं आहे."

तेव्हापासून जंगलातले सगळे पिस्तूलवाले कापशीच्याच वेळेला गवताला निघतात. का ते त्यांना सांगता येत नाही, पण त्या वेळी पिस्तुलं चांगली चालतात असा सगळ्यांचा अनुभव आहे. पुढं साळोबा उलटे चालत असतात. कधी ठेच लागते, कधी ओढ्यात पडतात. लोक म्हणतात, म्हाताऱ्याचं डोकं फिरलं, एके काळी काय पारख होती! कोल्हेशेठ सगळ्यांत जास्त हळहळतो.

तात्पर्य: तुम्ही म्हणाल, आपल्याजवळ जे आहे त्यावर विश्वास ठेवावा. ते दुसऱ्या कुठल्या तरी गोष्टीचं तात्पर्य असेल, काटेवाल्यांसाठी. या गोष्टीचं असं आहे, की स्वस्त पिस्तूल अगदी खात्रीचं असतं, बेलाशक घ्यावं. फक्त त्याच्यापुढं एक साळिंदर उलटं चालत असावं लागतं, आणि टोपलीभर बोरांत ते धरलेलं नसतं.