मामांनी कंप्युटर उघडून पाहिला

"हे बघ मामा, तुला एकच काम आहे," दुकानाच्या काचेच्या दाराबाहेर थांबून भाचीने बजावलं. "तोंड वाकडं ठेवायचं. आत काहीही दिसू दे, तोंड वाकडं म्हणजे वाकडं."

"मला शिकवतेस?" मामा म्हणाले. "तुझा बाप पहिल्यांदा आमच्या घरी आला ना, तेव्हा मी असं तोंड केलं होतं की बिचारा अजून माझ्यासमोर खुर्चीत पाठ टेकून बसत नाही."

यात खोटं काही नव्हतं. आख्ख्या खानदानात फ्रिज असो, सोफा असो, शिलाई मशीन असो, खरेदीला मामांना नेल्याशिवाय पाकिटाची चेन उघडत नसे. मामांचा धंदा जळलेल्या मोटरी पुन्हा गुंडाळून देण्याचा. पंखे, मिक्सर, पंप. त्यामुळे यंत्र दिसलं की आधी त्याचं काय जळणार, हेच त्यांना दिसायचं. वस्तू समोर आली की ते बोटाच्या पेराने तिच्यावर टकटक करायचे, दातांतून हवा ओढायचे आणि दुकानदाराकडे अशा दयेने बघायचे, जसं काही त्याच्या घरात कोणी आजारी आहे. मग म्हणायचे, "चल, दुसरीकडे बघू." आणि निघायचे. दारापर्यंत पोचायच्या आत मागून हाक यायची आणि भाव खाली आलेला असायचा. हा घरचा रिवाज. पोरांना पाढ्यांच्या आधी हा शिकवला जायचा.

भाचीला या वेळी तो फार जपून वापरायचा होता. ती कार्टूनपटांसाठी चित्रं काढायची. डोंगर, जंगल, वादळ, सगळं कंप्युटरवर. पहिल्यांदाच एका मोठ्या स्टुडिओने तिला काम देऊ केलं होतं, आधी नमुना दाखव म्हणाले होते, आणि नेमका तिचा जुना कंप्युटर जंगलातलं अर्धं झाड काढून कायमचा झोपला. नमुना वेळेत गेला नाही तर काम दुसऱ्याला. या दुकानात एक डेस्कटॉप सवलतीत होता, एकच पीस, आणि सवलत आज दुकान बंद होईपर्यंत. तिची सगळी जमा त्या सवलतीच्या किमतीपर्यंत जेमतेम पोचत होती, त्याच्या वर बोटभरही नाही. ती एकटीच येऊन घेऊन गेली असती, पण आईने दारात हात आडवा घातला. "मामाने बघितल्याशिवाय यंत्र उंबऱ्याच्या आत येणार नाही."

कोपऱ्यात तो डबा उभा होता. काळा, चौकोनी, चेहऱ्यावर काही भाव नाहीत. शेजारी शोकेसमध्ये काचेच्या पोटाचे कंप्युटर लाल-निळे-जांभळे दिवे मारत होते. हा त्यांच्यात वरातीत आलेल्या हेडक्लार्कसारखा दिसत होता.

मामांनी टकटक केली. हवा ओढली. सेल्समनकडे दयेने बघितलं. "उघडा जरा."

सेल्समनने बाजूचा पत्रा काढला. मामा वाकले. आणि वाकलेलेच राहिले.

आत सगळ्या वायरी शाळेतल्या वेण्यांसारख्या चापूनचोपून बांधलेल्या. प्रोसेसरवर तांब्याच्या नळ्या अशा वळवलेल्या की सोनाराने बघत राहावं. एक स्क्रू तिरका नाही. मामांचं आयुष्य काजळी, झुरळं आणि जळक्या वार्निशच्या वासात गेलेलं. यंत्राच्या पोटात इतकी स्वच्छता असू शकते, हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं.

"आहाहा!" मामा म्हणाले.

भाचीने कोपराखाली चिमटा काढला.

"आहा... आ... आक्छी!" मामांनी सावरलं. "धूळ आहे."

"धूळ नाहीये साहेब आत," सेल्समन म्हणाला.

"तेच म्हणतोय मी! धूळसुद्धा बसली नाही यावर. धुळीलाही नको असलेला माल. आणि पंखा बंद आहे तुमचा."

"चालू आहे."

"आवाज कुठाय मग?"

"येतच नाही आवाज."

मामांनी खिशातला रुमाल काढून धरला. रुमाल फडफडला. मामांनी कान लावला. आयुष्यभर कण्हणारे, कुंथणारे, खोकणारे पंखे ऐकलेला तो कान. आत नुसती झुळूक. मामांचे डोळे हळूहळू मिटले. "बेअरिंग आहे का लोणी..." ते पुटपुटले.

"मामा!"

"खराब लोणी म्हणतोय."

भाचीने ठरवलं, आता आपणच ताबा घेतलेला बरा. ती खुर्चीत बसली. प्रोसेसर कोणता, रॅम किती, ग्राफिक्स कार्डाची स्वतःची मेमरी किती, सगळं स्क्रीनवर उघडून बघितलं. टॅगवर लिहिल्यापेक्षा काकणभर चांगलंच निघालं. मग तिने पेन ड्राइव्हवरून आपलं जंगल उघडलं. या जंगलात पान न् पान वेगळं. जुन्या कंप्युटरवर ते उघडायला लावून ती चहा ठेवायची, प्यायची, कप विसळून यायची. इथे तिने बटण दाबलं आणि बोट उचलायच्या आत जंगल हजर. शिवाय पानं हलतही होती.

"अगं बाई!" भाची म्हणाली.

या वेळी चिमटा मामांनी काढला. दोन तोंडं वाकडी ठेवायची होती आणि दोन्ही सरळ होत चालली होती. आणखी थांबलो तर दोघं मिळून आरती ओवाळू, हे मामांनी ओळखलं.

"चल, दुसरीकडे बघू," ते घाईघाईने म्हणाले आणि दोघं बाहेर पडले.

मागे वळून बघायचं नाही, हा नियम. शेजारच्या चपलांच्या दुकानासमोर दोघं उभे राहिले. मामा एका बुटाकडे बघून हवा ओढत होते.

"हाक नाही आली," भाची म्हणाली.

"येईल. दुकानदाराला आवंढा गिळायला वेळ लागतो."

"अजून नाही आली."

"मोठा आवंढा असेल."

भाचीने नियम मोडला आणि काचेतून आत डोकावली. तिच्या खुर्चीत एक ब्रीफकेसवाले गृहस्थ बसले होते आणि तिच्याच जंगलातून माऊस फिरवत होते. पेन ड्राइव्ह आतच राहिला होता.

दोघं आत धावले.

"माझा चष्मा राहिला," मामांनी जाहीर केलं.

"नाकावर आहे, साहेब," सेल्समन म्हणाला.

"दुसरा!"

ब्रीफकेसवाल्यांनी खुर्ची वळवली. "या, या! मघाशी तुम्हीच तपासत होतात ना? मी तिकडून बघत होतो. माणूस यंत्राला कान लावतो म्हणजे जाणकार असणार. कसा आहे हो हा?"

भाचीने मामांकडे बघितलं. त्या नजरेत झाडं, पानं, स्टुडिओ, सगळं होतं. मामांनी घसा साफ केला. आज एका गिऱ्हाइकाला पळवायचं होतं, बस्स.

"नका घेऊ," मामा म्हणाले. "जड आहे फार."

"जड? का बरं?"

"पॉवर सप्लायमध्ये तांबं खच्चून भरलंय. उचलताना कंबर धरेल."

"म्हणजे अस्सल माल!"

"अस्सल खरा, पण... दोन खाचा रिकाम्या ठेवल्यात हो आत. रॅमच्या."

"का?"

"उद्या वाढवायची झाली तर जागा हवी म्हणून," मामा बोलून गेले आणि जीभ चावली.

"वा! आणि तापतो का?"

"तापू देईल तर शपथ."

"बिघडला तर?"

"बिघडतच नाही, तीच तर पंचाईत आहे!" मामा कळवळून म्हणाले. "असे बनवायला लागले तर आमच्यासारख्यांनी खायचं काय?"

मामांचा दोष नव्हता. कपड्याला, फर्निचरला, जावयाला ते खुशाल खोटी नावं ठेवत. पण नीट बांधलेल्या यंत्राबद्दल खोटं बोलायला जीभ उचलेना. ब्रीफकेसवाल्यांनी खिशातून कार्ड काढलं.

"फक्त एक दाखवा," गृहस्थ सेल्समनला म्हणाले. "याचे दिवे कुठून लावायचे?"

"दिवे नाहीत याला."

"कसलेच?"

"आहे ना एक," मामा बोट दाखवत म्हणाले. "हा काय. बारीक हिरवा."

गृहस्थांनी तो हिरवा ठिपका बघितला. मग शोकेसकडे बघितलं. "मला रिसेप्शनला ठेवायचाय हो," ते म्हणाले. "आलेल्या माणसाला कळायला नको, आपल्याकडे कंप्युटर आहे म्हणून?" कार्ड खिशात गेलं आणि पाठोपाठ ब्रीफकेस दाराबाहेर.

भाचीने सुटकेचा निःश्वास टाकला. अर्धाच बाहेर आला होता, तेवढ्यात मागच्या केबिनमधून मालक आले. टक्कल, शर्टाच्या खिशात स्क्रूड्रायव्हर. ते सरळ डब्यापाशी गेले आणि त्यांनी सवलतीचा टॅग टरकन काढला.

"हे काय?" भाची ओरडली.

"मघापासून ऐकतोय आतून," मालक म्हणाले. "ताई, हा मी स्वतःच्या हाताने जोडलाय. एकेक वायर. लोक येतात, दिवे नाहीत म्हणतात, जातात. मला वाटलं, कदर करणारं कोणी उरलं नाही, लावा सूट. आज कदर करणारा भेटला! मग सूट कशाला?"

जन्मभर भाव पाडत आलेल्या माणसाने आज एक शब्दही न घासता भाव चढवून दाखवला होता.

भाचीने मामांकडे बघणं सोडून दिलं. ती सरळ मालकांकडे वळली. "काका, खरं सांगू? मला हा हवाय. मघाशी आम्ही गेलो ना, ते नाटक होतं."

"ते कळलं. नाकावर चष्मा होता."

"माझ्याकडे सवलतीच्या किमतीएवढेच पैसे आहेत. हे बघा, हे माझं काम." तिने वादळ लावलं. जंगल एका बाजूला झुकलं, हजारो पानं उलटीपालटी झाली, फांद्या कडाडल्या. मालक बघत राहिले. मग हळूच त्यांनी डब्याला कान लावला. दुसऱ्या बाजूने मामांनी लावला. आत नुसती झुळूक.

"पूर्ण ताकदीने पळतोय," मालक हळू आवाजात म्हणाले, "आणि दम लागलेला नाही."

"लेकरू आहे हो तुमचं," मामा म्हणाले.

मालकांनी टॅग पुन्हा चिकटवला. चिकटेना, तर अंगठ्याने दाबून धरला. "न्या. त्याच किमतीत. पण एक अट आहे. उद्या सकाळपासून यांनी माझ्या काउंटरवर बसायचं. असंच मनापासून बोलायचं गिऱ्हाइकांशी. दिवसभर बसले की संध्याकाळी डबा तुमचा."

"दुकानदाराच्या बाजूला? मी?" मामा तीन ताड उडाले. पण भाचीचा चेहरा बघितला आणि मान खाली घातली. सेनापतीने तलवार टाकावी, तसा त्यांनी रुमाल खिशात टाकला.

दुसऱ्या दिवशी मामा इस्त्रीचा शर्ट घालून काउंटरमागे बसले. पहिलं जोडपं आलं ते थेट शोकेसमधल्या जांभळ्या दिव्यांपाशी. तो माल कंपनीतून बंद खोक्यात आलेला. त्याच्या पोटात मालकांनीही कधी डोकावलं नव्हतं.

"बोला, मामा," मालक हात चोळत म्हणाले.

मामांनी पत्रा काढला. वाकले. आणि त्यांचा चेहरा, भाचीने काल जिवापाड मागूनही झाला नव्हता, तसा वाकडा झाला.

"ह्या वायरी बघा. बाळाचा लंगोट यापेक्षा नीट बांधतात."

"मामा, कौतुक!" मालक कुजबुजले.

"करतोय ना. काच छान आहे. पुसायला सोपी." मामांनी पॉवर सप्लायखाली हात घालून बघितला. "आणि हलका किती! आतलं तांबं बहुतेक सुट्टीवर आहे."

जोडप्याने भाव उतरवून मागितला आणि मालकांना द्यावा लागला. ते बाहेर जाऊन कोणाला तरी बोलले असणार, कारण मग माणसं येतच राहिली. पैसे भरायच्या आधी जो तो आपला डबा मामांपुढे आणून ठेवी, "काका, एवढा बघा ना," म्हणे आणि मालकांकडे दयेने बघे. दुपारपर्यंत सेल्समननेही आपल्या घरच्या कंप्युटरबद्दल सल्ला विचारून घेतला.

"मामा," शेवटी मालक म्हणाले, "अट पूर्ण झाली."

"अजून दिवस कुठे सरलाय?"

"झाली म्हणतो ना मी! ताईंना फोन केलाय, येताहेत. तुमचा डबा घेऊन जा. गाडीभाडं माझ्याकडून."

भाची धावत आली, तोवर खोकं बांधून तयार होतं. मामा नाइलाजाने उठले. मालकांना इतका आनंद झाला की त्यांनी एक नवा कीबोर्ड काढून खोक्यावर ठेवला. "हाही न्या."

मामांनी कीबोर्डकडे बघितलं. मालकांच्या चेहऱ्याकडे बघितलं. आणि पुन्हा खुर्चीत बसले.

"मामा, चल ना!" भाची म्हणाली.

"थांब गं पोरी. शोकेसमधल्या त्या लाल दिवेवाल्याचं पोट बघायचं राहिलंय," मामा म्हणाले आणि त्यांनी स्क्रूड्रायव्हरसाठी हात पुढे केला.

मालकांनी त्या हातात गुपचूप एक नवा माऊसही ठेवला.