डोमाजी काकांची झालेली कामं

आमचे शेजारी डोमाजी काका इंग्रजीतला भूतकाळ पक्का असल्याशिवाय कुठलंच काम हाती घेत नाहीत. अंगण धुतात, पण झाडत नाहीत. ‘वॉश’चं ‘वॉश्ड’ होतं हे त्यांना ठाऊक आहे. ‘स्वीप’चं काय होतं याचा भरवसा नाही. धुवून धुवून अंगणाला शेवाळ धरलं, तरी झाडूला हात लागत नाही.

मी इथे भंडाऱ्यातच शाळेत इंग्रजी शिकवतो, त्यामुळे हा ताप माझ्या डोक्याला. सकाळी माझ्या तोंडात ब्रश असतो आणि कुंपणावरून हाक येते.

“गुरुजी, भाजी आणाले जाऊन राहिलो. बाय, बाइड?”

“बॉट.”

“मंग राहू द्या. मागं भेंडी आहे. पिक, पिक्ड.” आणि पिशवी परत खुंटीवर.

मध्यंतरी वरठीला पुतणीचं लग्न होतं. ‘वेंट’ या शब्दावर काकांचा विश्वास नाही. मी ‘अटेंडेड’ काढून दिलं, तेव्हा कुठे ते एसटीत बसले.

काकांचा जन्म पितळी भांडी घडवण्यात गेला. काकू गेल्यापासून घरात एकटेच. लेक परदेशात. नात रिया, तिला मराठी येत नाही. दर रविवारी संध्याकाळी तिचा फोन येतो आणि ती इंग्रजीत एकच विचारते, आजोबा, काय काय केलं?

जाऊन राहिलो, खाऊन राहिलो हे आमच्या तोंडात इतकं बसलेलं, की काकांनी सुरुवातीला सरसकट तेच इंग्रजीत घातलं. म्हणाले, “आय अॅम कुकिंग.” पोरीला वाटलं, आजोबा चुलीपाशी आहेत. तिने शहाण्यासारखं ‘ओके, बाय’ म्हणून फोन ठेवला.

“जेवण तं सकाळीच झालं होतं जी,” काका मला सांगत होते. “मले टाइमच टाइम होता.”

तेव्हापासून हे भूतकाळाचं व्रत. मला वाटायचं, म्हाताऱ्याला नातीसमोर चुकायचं नाही, एवढंच. मग एकदा त्यांना पाण्याची लख्ख पितळी गुंडी पुन्हा घासताना पाहिलं आणि ध्यानात आलं. सांगायला काहीतरी केलेलं हवं, म्हणून हा माणूस आठवडाभर कामं शोधत असतो.

मागच्या रविवारी इस्त्रीचा शर्ट घालून काका घरापुढच्या ओट्यावर बसले होते. फोन समोरच्या गुंडीला टेकवलेला. दिवेलागण झाली, फोन वाजला नाही. शेवटी लेकीचा मेसेज आला: रिया मैत्रिणीच्या वाढदिवसाला गेली आहे, आता पुढच्या रविवारी.

“पोट्टी आहे, खेळन ना,” म्हणत त्यांनी फोन खिशात ठेवला.

मला राग आला होता, पण कोणाचा ते सांगता येईना. मी त्यांच्या शेजारी जाऊन बसलो आणि इंग्रजीतच विचारलं, काय काय केलं?

काकांनी शर्टाचं वरचं बटण लावलं. अंगण वॉश्ड, भेंडी पिक्ड, गुंडी पॉलिश्ड, लग्न अटेंडेड. नवरीने कोणती साडी नेसली होती तेही सांगायचा त्यांनी प्रयत्न केला. त्यात ‘वेअर’चं ‘वेअर्ड’ झालं, ते मी तसंच जाऊ दिलं.

“करेक्ट?”

“करेक्ट.”

मी उठलो, तेव्हा ते हळूच म्हणाले, “उद्याबी विचारजा जी. मी काही ना काही करून ठेवतो.”