जाधव सरांचं मनुष्ययंत्र

सांगलीच्या हळद बाजारात, भर गर्दीत, जाधव सरांनी एकदा हाक मारली, "ए निमके! उद्या लवकर ये गं, भागाकार आजारी हाय!"

निमकी म्हणजे हळदीचे व्यापारी मुजावर यांची नसीम. आमच्या कॉलेजात बी.एस्सी.ला होती. तिचे वडील गादीवरून उठून बाहेर आले. "आवं सर, माजी पोरगी चांगली पुरी हाय की!"

"व्हय, पण अर्धं करायचं काम तिच्याकडं हाय," असं म्हणून सर सायकलवर बसून निघूनही गेले. पुढचा खुलासा मला करावा लागला. मी गणिताचा विभागप्रमुख ना!

खुलासा असा. सत्तर साल उलटलं आणि विद्यापीठानं गणिताच्या अभ्यासक्रमात कॉम्प्युटर घातला. कॉलेजात मात्र तो कुणी आणून दिला नाही. आम्ही बाकीचे फळ्यावर चौकोन काढायचो आणि हाच तो कॉम्प्युटर म्हणून मोकळे व्हायचो. जाधव सरांनी मुलांचाच कॉम्प्युटर केला. सातचं वर्गमूळ काढायचं, तर एक अंदाजी आकडा चिठ्ठीवर लिहून पहिल्या बाकावर द्यायचा. 'भागाकार' नावाचा मुलगा सातला त्या आकड्यानं भागणार. 'बेरीज' आलेलं उत्तर त्याच आकड्यात मिळवणार, 'निमकी' त्याचं अर्धं करणार. शेवटच्या बाकावरचा तपासनीस नवा आकडा जुन्याशी ताडून बघणार. फरक असेल तर चिठ्ठी पुन्हा पहिल्या बाकावर, नसेल तर "थांब!" म्हणायचं. दशांश चारच ठेवायचे, आणि शेजाऱ्याच्या कामात डोकं घालायचं नाही. घातलंच तर सर ओरडायचे, "यंत्रानं इचार करायचा नसतो, गड्या!"

कल्पना नामी होती, मी नाही म्हणत नाही. पण तास दिवसातला शेवटचा, आणि तो काही केल्या संपायचा नाही. खोलीची किल्ली माझ्याकडे. मिरजेची बस रोज डोळ्यांदेखत जायची. पाय सुजलेले, घरी बायको वैतागलेली. अहो, माणसानं किती दिवस सोसायचं? प्राचार्य म्हणाले, "तुम्हीच ठरवा. बंद करायचा तर करा." माझं ठरलेलंच होतं. एकदा नावापुरतं आत बसायचं आणि तास बंद करून टाकायचा. सरांना तसं तोंडावर सांगितलंही. ते नुसतं "बसा की" म्हणाले.

गेलो, तर नेमका तपासनीस गैरहजर.

"आवं सर, तुमीच बसा तितं."

बसलो. चिठ्ठी फिरू लागली. चार-पाच फेऱ्यांत आधीचाच आकडा परत आला. सुटलो बुवा! म्हटलं, "थांब!"

"एक फेरी आजून," सर म्हणाले. "खात्री करू."

फेरी झाली. तोच आकडा.

"थांब!"

"आजून एक."

माझं डोकंच फिरलं. उठून त्यांच्यापाशी गेलो आणि हळू आवाजात म्हणालो, "जाधव, उत्तर कधीच आलंय. हे काय चालवलंय? मुलांना घरं आहेत."

ते मुलांकडेच बघत होते. नसीम काहीतरी कुजबुजत चिठ्ठी पुढे देत होती, बेरीज तोंड दाबून हसत होती.

"ठावं हाय सर," ते म्हणाले. "पोरगा पलटणीत हाय. कडेगावचा ऊस भाऊ बगतोय. बायको गेल्यापास्नं खोलीवर गेलं की सकाळपातूर तोंडातनं शबुद निघत न्हाई. हितं 'थांब' म्हटलं की समदी उठून जात्यात. लय वंगाळ वाटतं बगा."

राग कुठल्या कुठे गेला, वाईट मात्र फार वाटलं. परत शेवटच्या बाकावर जाऊन बसलो. चिठ्ठी आली. शेवटच्या दशांशापर्यंत तोच आकडा. मुलं पुस्तकं आवरून माझ्या तोंडाकडे बघत होती. सरांनी मान खाली घातली होती.

"फरक आहे," मी म्हणालो. "फिरवा पुन्हा."